सालपटांचा हिशेब : कुन्नूर ते तार्नाका

गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात सत्यनारायणाच्या दिवशी मागच्या बाजूला माझी ड्यूटी होती. काम सोपं होतं. प्रसादाच्या शिऱ्यासाठी केळी सोलायची आणि साली पाटीत टाकायच्या. तासाभरात पाटी भरली. तेवढ्यात मंडळाच्या एक ज्येष्ठ काकू आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "अरे, या साली फेकून देणार की काय? वाळवून पूड केली तर सोन्यासारखी असते म्हणे. सगळी ताकद सालीतच असते."

मी "हो काकू" म्हणालो आणि विषय बदलला. खरं तर त्या वाक्यानं माझ्या पोटात गोळा आला होता. त्याचं कारण पुढे येईलच. पण काकूंना नीट उत्तर देता आलं नाही ही रुखरुख राहिली. या वर्षी संपादक मंडळानं "काहीतरी लिहा" म्हटल्यावर ठरवलं, की ते उत्तर स्मरणिकेतच द्यावं.

सुरुवातीलाच सांगतो, मी आहारतज्ज्ञ नाही. पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि राज्य सरकारच्या नोकरीत लागलो. वीस वर्षं मोजमापाच्या वह्या भरतो आहे. त्यामुळे एक खोड लागली आहे : कुणी "जास्त" म्हटलं की "कशापेक्षा जास्त, आणि मोजलं कसं?" असं विचारायची. सालींच्या बाबतीत हा प्रश्न मी वेळेवर विचारला नाही, त्याची किंमत आमच्या घरानं मोजली.

आजीचा डबा आणि पिन्नींची चटणी

आमचं मूळ घर मराठवाड्यातलं. १९५६ पर्यंत मराठवाडा आणि हे शहर एकाच हैदराबाद राज्यात होते, त्यामुळे आपल्यापैकी बऱ्याच घरांसारखी आमचीही मंडळी शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी इकडे आली ती इथलीच झाली. नल्लकुंटा म्हणजे तेलुगूत काळं तळं. तळं आम्ही कधी पाहिलं नाही. पाहिली ती इथली भाजीबाजाराची गर्दी, आणि जुनी माणसं ज्याला अजून 'कोरंटी दवाखाना' म्हणतात ते फिव्हर हॉस्पिटल.

आजीनं १९७२ चा दुष्काळ गावी काढला होता. घरात काही फेकायचं म्हटलं की तिचा हात आपोआप आडवा यायचा. गवारी, मेथी, वांग्याच्या फोडी ती उन्हात वाळवायचीच, शिवाय संत्र्याची साल उटण्यासाठी, डाळिंबाची साल पोट बिघडलं तर उपयोगी म्हणून डब्यात असायची. दोडका केला की त्याच्या शिरा कधी केरात जात नसत. त्या तव्यावर कोरड्या होईपर्यंत परतायच्या, तीळ, सुकं खोबरं, मिरची, मीठ घालून कुटायच्या. झाली चटणी.

शेजारी एक तेलुगू कुटुंब होतं. त्या काकूंना आम्ही पिन्नी म्हणजे मावशी म्हणत असू. त्यांच्याकडेही दोडक्याच्या सालीची चटणी व्हायची, पण ती ओलसर : साल तेलावर परतून, चिंच, लसूण, मिरची आणि उडदाची डाळ घालून कुटलेली. तेलुगूत सालीला 'तोक्का' म्हणतात आणि कुटलेल्या चटणीला 'तोक्कु'. लहानपणी मला वाटे की दोन्ही एकच. पिन्नी हसून म्हणायच्या, "अरे, एक सोलायचं, दुसरं कुटायचं." आजी आणि पिन्नी यांना एकमेकींची भाषा धड येत नव्हती. पण वाटीतून चटणी मात्र भिंतीवरून इकडून तिकडे जायची.

शाळेत डब्यात ही चटणी असली की मला लाज वाटायची. "तुमच्याकडे साल खातात?" असं एका मुलानं विचारल्यावर मी आठवडाभर डबा झाकून खाल्ला. पुढे आजी गेली, पिन्नी मुलाकडे गेल्या, आणि दोडक्याच्या शिरा आमच्या घरात केरात जाऊ लागल्या.

साल फेकल्यानं काय झालं

आता थोडा इतिहास. साल फेकणं ही पुढारलेपणाची खूण ठरली ती मुख्यतः तांदळामुळे. वाफेवर चालणाऱ्या गिरण्या आल्या आणि हातसडीच्या तांबूस तांदळाच्या जागी पांढराशुभ्र तांदूळ आला. त्यापाठोपाठ पूर्वेकडच्या देशांत एक आजार फोफावला, बेरीबेरी. पायांतली शक्ती जायची, सूज यायची, हृदय थकायचं, माणूस दगावायचा.

डचांच्या ताब्यातल्या जावा बेटावर, बटाविया म्हणजे आजच्या जकार्तात, ख्रिस्तियान आइकमान हे डॉक्टर या आजाराचा जंतू शोधत होते. १८९० च्या सुमाराची गोष्ट. प्रयोगशाळेतल्या कोंबड्या लुळ्या पडू लागल्या आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्याही झाल्या. शोध घेतल्यावर कळलं, की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला पांढऱ्या तांदळाचा भात मिळत होता. नवा आचारी आला, त्यानं लष्कराचा तांदूळ बिनलष्करी कोंबड्यांना द्यायला नकार दिला, आणि कोंबड्या सुधारल्या. एका नियमावर बोट ठेवणाऱ्या कर्मचाऱ्यामुळे वैद्यकशास्त्र पुढे सरकलं, हे वाचून आम्हा सरकारी नोकरांना जरा बरं वाटतं!

आइकमान यांना आधी वाटलं, की भातात विष आहे आणि सालीत त्याचा उतारा. त्यांच्यानंतर आलेल्या गेरिट ग्राइन्स यांनी १९०१ मध्ये बरोबर उलगडा केला : भातात विष नाही, सालीबरोबर जीवनावश्यक काहीतरी निघून जातं. १९१२ मध्ये काझिमिर फुंक यांनी अशा पदार्थांना 'व्हिटॅमिन' हे नाव सुचवलं. आणि १९२६ मध्ये जावातच यान्सेन आणि डोनाथ यांनी तांदळाच्या कोंड्यातून ते जीवनसत्त्व, आजचं बी-१, स्फटिकरूपात वेगळं केलं. म्हणजे जीवनसत्त्वांच्या इतिहासाचं पहिलं पान सालीवरच लिहिलेलं आहे.

याचा आपल्या शहराशी थेट संबंध आहे. तेव्हाच्या मद्रास प्रांताच्या उत्तर सरकार जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या किनारी आंध्रात, बेरीबेरी मुक्काम ठोकून होता. त्याच्या अभ्यासासाठी १९१८ मध्ये निलगिरीतल्या कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये एका खोलीत 'बेरीबेरी चौकशी' सुरू झाली. प्रमुख होते रॉबर्ट मॅककॅरिसन. त्या एका खोलीची १९२८ पर्यंत 'न्यूट्रिशन रिसर्च लॅबोरेटरीज' झाली.

१९३५ मध्ये तिथे डॉ. वॉलेस एक्रॉइड संचालक म्हणून आले. भारतीय माणूस खातो त्या पदार्थांत नेमकं काय असतं, हे त्यांनी मोजायला घेतलं. १९३७ मध्ये 'हेल्थ बुलेटिन क्रमांक २३' म्हणून ते कोष्टक छापलं गेलं. याच प्रयोगशाळेनं गिरणीच्या कच्च्या तांदळाची आणि उकड्या तांदळाची तुलनाही केली. भात सालीसकट उकडून मग सडला, तर सालीतलं बी-१ दाण्यात मुरतं आणि साल गेली तरी बरंचसं उरतं. कोकणातल्या उकड्या तांदळाच्या पेजेमागचं हे शास्त्र. हेच एक्रॉइड पुढे १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाच्या चौकशी आयोगाचे सदस्य होते. अन्नाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला अन्न नसल्याचाही हिशेब करावा लागला.

कुन्नूरच्या या प्रयोगशाळेत एका मराठी बाईंनीही काम केलं, त्या डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. दुर्गाबाई भागवतांच्या त्या भगिनी. बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या संस्थेत १९३३ मध्ये मुलगी म्हणून प्रवेश मिळवायला त्यांना झगडावं लागलं. पुढे केंब्रिजला, आइकमान यांच्याबरोबर १९२९ चं नोबेल वाटून घेणाऱ्या हॉपकिन्स यांच्या विभागात, त्यांनी बटाट्यावर काम करून वनस्पतींच्या पेशींतही 'सायटोक्रोम सी' असतं हे दाखवलं. १९३९ मध्ये डॉक्टरेट घेऊन त्या परतल्या आणि काही वर्षं कुन्नूरला सहायक संचालक होत्या. नंतर मुंबईत त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केलं. धाकट्या बहिणीनं प्रयोगशाळेत अन्न तपासलं आणि थोरलीनं 'खमंग' लिहून स्वयंपाकघरातलं अन्न जपलं. एकाच मराठी घरात हे दोन्ही झालं!

१९५८ मध्ये ही प्रयोगशाळा कुन्नूरहून हैदराबादला आली. तेव्हा संचालक होते डॉ. वि. ना. पटवर्धन, तेही मराठीच. त्यांच्यानंतर डॉ. सी. गोपालन आले, आणि १९६९ मध्ये संस्थेला आजचं नाव मिळालं : राष्ट्रीय पोषण संस्था. नल्लकुंट्याहून विद्यानगर, पुढे उस्मानिया विद्यापीठाचा परिसर ओलांडला की तार्नाक्याला ती दिसते. आपण कित्येकदा बसमधून तिच्यावरून गेलो असू. भारतातल्या कुठल्याही डॉक्टरनं किंवा आहारतज्ज्ञानं "नाचणीत एवढं कॅल्शियम" म्हणून आकडा सांगितला, तर तो बहुधा याच आवारातून निघालेला असतो. एक्रॉइड यांच्या कोष्टकाची १९७१ मध्ये गोपालन, रामशास्त्री आणि बालसुब्रमण्यन यांनी नवी आवृत्ती केली. १९८९ च्या आवृत्तीवर नरसिंग राव आणि पंत यांच्याबरोबर देवस्थळे हे मराठी नावही आहे. २०१७ मध्ये डॉ. टी. लोंगवाह यांच्या नेतृत्वाखाली देशभरातून नमुने गोळा करून ५२८ पदार्थांची संपूर्ण नवी कोष्टकं निघाली.

माझी चूक

हे सगळं मी वाचलं ते नंतर. आधी काय झालं ते सांगतो.

तीन-साडेतीन वर्षांपूर्वी फोनवर एक मजकूर फिरत आला. "शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे", "फळापेक्षा सालीत कित्येक पट पोषण", "केळ्याच्या वाळवलेल्या सालीत पोटॅशियमचा खजिना", वगैरे. मला आजीचा डबा आठवला. डबा झाकून खाल्ल्याची शरमही आठवली. वाटलं, आजी बरोबर होती आणि आपण मूर्ख. मी गच्चीत साली वाळवल्या, मिक्सरमधून काढल्या, बरणी भरली, आणि रोज सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे ताकातून वडिलांना, अण्णांना, देऊ लागलो. अण्णांना मधुमेह जुना. मूत्रपिंडं थोडी मंदावली आहेत असं डॉक्टरांनी आदल्या वर्षी सांगितलं होतं. त्या कागदावर 'पोटॅशियम कमी घ्यावे' असं लिहिलंही होतं. तो कागद मीच फाइलला लावला होता. फाइलला लावलेला कागद परत वाचायचा नसतो, ही आमच्या खात्याची सवय घरीही आली.

पाचव्या आठवड्यात अण्णांचे पाय जड झाले, छातीत विचित्र धडधड सुरू झाली. रात्री दवाखान्यात नेलं. रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर गेलं होतं. मूत्रपिंडं नीट असतील तर जादा पोटॅशियम लघवीवाटे जातं. ती मंदावली असतील तर ते रक्तात साठतं आणि हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवतं. डॉक्टरांनी आहारात काय बदल केला विचारलं. मी बरणीचं सांगितलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुम्ही औषध दिलंत, फक्त उलट्या दिशेचं." चार दिवसांनी अण्णा घरी आले. त्यांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. उलट म्हणाले, "आजीची आठवण म्हणून केलंस ना?" ते मला जास्त लागलं.

मजकूर खोटा नव्हता, हीच त्यातली गोम. केळ्याच्या सालीत पोटॅशियम भरपूर असतं हे खरंच आहे. चूक होती ती माप न विचारण्याची आणि खाणारा कोण आहे हे न बघण्याची.

ओलं वजन, कोरडं वजन

त्यानंतर मी कोटीच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारातून पोषण संस्थेच्या कोष्टकाची एक जुनी प्रत आणली आणि शिकायला बसलो. पहिली गोष्ट लक्षात आली ती 'खाण्याजोगा भाग' या रकान्याची. फळ आणल्यावर साल, बी, देठ काढून किती टक्के पोटात जातं ते त्यात दिलेलं आहे. पोषणाचे आकडे त्या भागाचे असतात. बहुतेक सालींची स्वतंत्र नोंद नसते, कारण त्या अन्न म्हणून धरलेल्याच नाहीत. मग फोनवरचे आकडे येतात कुठून? कुठल्यातरी प्रयोगशाळेत वाळवलेल्या पुडीवर झालेल्या तपासणीतून. आणि तिथेच फसगत होते.

आमच्याकडे मातीचा नमुना तपासताना आधी ओलं वजन घेतात, मग १०५ ते ११० अंशांवर ओव्हनमध्ये वाळवून कोरडं वजन. पाण्याचा अंश कळल्याशिवाय दोन नमुन्यांची तुलना करायची नाही, हा पहिला धडा. फळांनाही तोच लागू. ताज्या दोडक्यात, दुधीत ९५ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. वाळवलेल्या पुडीत दहा टक्के. शंभर ग्रॅम पूड आणि शंभर ग्रॅम ताजं फळ यांची तुलना म्हणजे एका पोत्यात सिमेंट आणि दुसऱ्यात तयार काँक्रीट भरून "कशात सिमेंट जास्त?" विचारण्यासारखं.

संत्र्याचं उदाहरण घेऊ, कारण अमेरिकेच्या कृषी खात्याच्या कोष्टकात संत्र्याची साल आणि गर दोन्हींचे आकडे आहेत. शंभर ग्रॅम ताज्या सालीत क जीवनसत्त्व १३६ मिलिग्रॅम, गरात ५३. कॅल्शियम सालीत १६१ मिलिग्रॅम, गरात ४०. तंतू सालीत १०.६ ग्रॅम, गरात २.४. म्हणजे क अडीचपट, कॅल्शियम चौपट, तंतूही चौपटीहून जास्त. साल जिंकली असं वाटतं. पण सालीत पाणी साडेबहात्तर टक्के आणि गरात सुमारे सत्त्याऐंशी. पाणी वजा करून कोरड्या भागाची तुलना केली, तर कॅल्शियम आणि तंतू दुपटीच्या आसपास येतात आणि क जीवनसत्त्व सव्वापटीवर. साल अजूनही पुढे आहे, पण "कित्येक पट" नाही.

आता ती साल वाळवू. शंभर ग्रॅम साल वाळून साधारण एकतीस ग्रॅम राहील. म्हणजे शंभर ग्रॅम पुडीत कॅल्शियम पाचशे मिलिग्रॅमच्या वर! दुधाच्या शंभर मिलिलिटरमध्ये एकशेवीसच्या आसपास असतं. लगेच "दुधाच्या चौपट कॅल्शियम" असा मजकूर तयार. पण शंभर ग्रॅम पूड कोण खाणार? एक चमचा पूड तीन ग्रॅम धरली, तर त्यात सोळा मिलिग्रॅम कॅल्शियम. म्हणजे तीन चमचे दुधाइतकं.

शिवाय वाळवताना सगळं टिकत नाही. खनिजं आणि तंतू जसेच्या तसे राहतात. क जीवनसत्त्व उन्हात आणि हवेत मोठ्या प्रमाणात जातं. अ जीवनसत्त्वाचं मूळ जे कॅरोटीन, तेही कडक उन्हात उडतं, सावलीत वाळवलं तर जरा बरं टिकतं. म्हणून वाळवलेली साल म्हणजे मुख्यतः तंतू, खनिजं आणि रंग-चवीची द्रव्यं.

कोणत्या सालीत काय

केळ्याची साल : तंतू आणि पोटॅशियम भरपूर. कच्च्या केळ्याच्या सालीची भाजी दक्षिणेत होते आणि ती चांगलीच लागते. निरोगी माणसानं जेवणात खाल्ली तर हरकत नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णानं लांब राहावं.

डाळिंबाची साल : यात तुरट द्रव्यं म्हणजे टॅनिन खूप. म्हणूनच जुलाबावर आपल्याकडे तिचा उपयोग जुना. पण हेच टॅनिन अन्नातल्या लोहाला धरून ठेवतं, शरीरात जाऊ देत नाही. रक्त कमी असलेल्या बाईनं जेवणाबरोबर रोज ही पूड घेणं म्हणजे एका हातानं भरून दुसऱ्या हातानं सांडणं. ही औषधाच्या कपाटातली वस्तू आहे.

टोमॅटो आणि वांगं : टोमॅटोचा लाल रंग देणारं लायकोपीन सालीत जास्त, वांग्याची जांभळी द्रव्यं तर सालीतच. सुदैवानं या दोन्हींची साल आपण फेकत नाही.

कलिंगड : सालीलगतच्या पांढऱ्या भागात सिट्रुलिन नावाचं अमिनो आम्ल असतं. १९१४ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी ते कलिंगडातूनच काढलं, आणि त्याला नावही कलिंगडाच्या शास्त्रीय नावावरून पडलं. त्या भागाची भाजी किंवा थालीपीठ आपल्याकडे होतंच.

बटाटा : सगळं सत्त्व सालीत, हा इथे गैरसमज. तंतू सालीत जास्त असले, तरी क जीवनसत्त्व आणि पोटॅशियम यांचा मोठा वाटा गरातच असतो. उलट बटाटा हिरवा पडला की सालीत आणि तिच्याखाली सोलानिन हे विषारी द्रव्य वाढतं आणि ते शिजवल्यानंही जात नाही. हिरवी साल वाळवून ठेवायची तर बातच नको.

आंबा : काहींना आंब्याच्या सालीतल्या चिकानं ओठांवर पुरळ येतं. ज्यांना येतं त्यांनी सालीच्या पुडीचे प्रयोग करू नयेत.

आणि कोकम. आपल्या मराठी स्वयंपाकात वाळवलेल्या सालीला सिंहासन मिळालं असेल तर ते इथे. आमसूल म्हणजे रातांब्याची साल. फळ फोडून बिया काढतात, मीठ घातलेल्या त्याच्याच रसात साल पुन्हा पुन्हा बुडवून वाळवतात. तिच्या आंबटपणामागचं हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल कोकमाच्याच जातीच्या, केरळात वापरल्या जाणाऱ्या कुडमपुळीत मुख्य आम्ल आहे, हे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संस्थेतल्या लुईस आणि नीलकंठन यांनी १९६५ मध्ये दाखवलं. पुढे परदेशात याच आम्लाच्या वजन कमी करणाऱ्या गोळ्या निघाल्या आणि धडाक्यात खपल्या. १९९८ मध्ये अमेरिकेत १३५ जणांवर बारा आठवडे नीट चाचणी झाली, तेव्हा ती गोळी आणि नुसती खोटी गोळी यांत काही फरक दिसला नाही. आमटीतलं आमसूल मात्र तिथेच होतं, तीन-चार पाकळ्या, कुठलाही दावा न करता.

आजीचा नियम

इथे मला आजीचं खरं शहाणपण कळलं. तिनं साल कधी औषध म्हणून चमच्यानं रोज कुणाला दिली नाही. ती चटणी करायची, आणि चटणी पानात डाव्या बाजूला बोटभर वाढतात. आज दोडक्याच्या शिरा, परवा कारळाची, तेरवा जवसाची. एकाच सालीचा मारा नाही. वाळवायची ती उन्हाळ्यात, खडखडीत. आपल्या भाद्रपदातल्या दमट हवेत साल अर्धवट वाळते आणि बुरशी धरते. बुरशीचं विष वासावरून कळेलच असं नाही.

आणखी एक फरक आहे. तिच्या दोडक्यावर फवारणी नव्हती. आज बाजारात येणाऱ्या भाजीवर औषधं मारलेली असतात, सफरचंदावर मेण असतं, आणि शहराबाहेर मुसीच्या सांडपाण्यावर भाजी पिकते हे काही गुपित नाही. फवारलेलं औषध आधी सालीवर बसतं. पाणी उडाल्यावर जसं कॅल्शियम घट्ट होतं, तसं हेही होतं. फायद्याचा हिशेब कोरड्या वजनावर आणि धोक्याचा ओल्या वजनावर, असं करता येत नाही. मिठाच्या पाण्यानं धुतल्यावर वरचं काही निघतं, पण आत शोषलेलं निघत नाही. म्हणून ज्या भाजीचं मूळ ठाऊक आहे, तिचीच साल खावी. गच्चीतल्या वेलाचा दोडका, ओळखीच्या शेतकऱ्याकडचा दुधी, हे बरं.

तर काकू, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. सगळी ताकद सालीत नसते, पण काही ताकद सालीत नक्की असते, आणि पांढऱ्या तांदळाच्या नादात ती फेकल्यानं माणसं मेली हाही इतिहास आहे. सालीची मूगडाळ, हातसडीचा तांदूळ, सालीसकट सफरचंद, दोडक्याची चटणी, आमसुलाचं सार, हे सगळं जेवणात राहू द्यावं. पण पुडीची बरणी आणि "कित्येक पट" हे शब्द दिसले, की आधी विचारावं : ओलं की कोरडं? किती चमचे? आणि कुणासाठी? घरात कुणाला मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर डॉक्टरांचा कागद फाइलमधून काढून पुन्हा वाचावा.

अण्णा आता बरे आहेत. त्यांच्या पथ्याचा कागद फाइलमध्ये नाही, फ्रिजच्या दारावर चिकटवलेला आहे. गेल्या महिन्यात बायकोनं आमच्या गच्चीतल्या वेलाच्या दोडक्याच्या शिरांची चटणी केली, आजीची पद्धत आणि पिन्नींचा लसूण. माझ्या मुलीनं ती शाळेच्या डब्यात मागून नेली आणि मैत्रिणींनी संपवली म्हणून रिकामा डबा परत आणला. अण्णांच्या पानात, डॉक्टरांना विचारून, अर्धा चमचा. त्यांनी ती जिभेवर ठेवली आणि म्हणाले, "तिळ थोडे जास्त झाले. आई एवढे घालत नव्हती."

यंदाही सत्यनारायणाच्या दिवशी माझी ड्यूटी मागच्या बाजूलाच आहे. केळ्याच्या साली मंडपामागच्या खताच्या खड्ड्यात जातील. काकू, या वेळी आत डोकावलात तर मी विषय बदलणार नाही.

गणपती बाप्पा मोरया!